सावलीत सुकलेलं

परवा धाकट्या सुनेने कढीपत्त्याच्या डहाळ्या गच्चीवर पसरून ठेवल्या. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, आणि ऊन असं की डोळे बारीक करूनच पाहावं. मी गुडघे सांभाळत जिना चढले, डहाळ्या ओच्यात गोळा केल्या आणि खाली आणून मागच्या खोलीत सुपात पसरल्या.

"आई, गच्चीवर लवकर वाळला असता ना," सून म्हणाली.

"वाळला असता. पण मग तो कढीपत्ता राहिला नसता."

ती हसली. म्हातारीचं एखादं खूळ समजून सोडून दिलं तिने. मी मात्र सुपापाशी बसून राहिले. हिरव्या पानांचा तो कडवट, ओलसर वास नाकात भरला, आणि मी गोंदियातल्या या तिसऱ्या गल्लीतून उठून थेट डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या त्या गावात गेले.

पाऊस येतो तेव्हा सगळं गाव दारात उभं राहतं. तो जातो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. एक दिवस कळतं की चार दिवसांत आभाळ वाजलं नाही. अंगणातला चिखल कडेने पांढरा पडतो. बांधावरचं गवत कुसळं धरतं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आडव्या पडून वाळत असतात आणि त्यांचा गोडसर वास दुपारभर गावावर तरंगतो. छपरांवर झिंगे, अंगणात तीळ, ओट्यावर वड्या. जिकडे पाहावं तिकडे काहीतरी वाळतंय. माझ्या लेखी वर्षातला सगळ्यात हळवा हंगाम हाच. ओल जाण्याचा.

आमच्या मामाजींकडे या हंगामासाठी दोन वेगळे शब्द होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. धानाची शेती करायचे आणि आसपासच्या पाच-सात खेड्यांना औषध द्यायचे. लोक त्यांना वैद्यबाबा म्हणत. "उन्हात होते थे वाळन," ते म्हणायचे, "आन सावलीत होते थे सुकन. वाळलं का खाऊन टाकाचं. सुकलं का ठेवून द्याचं." त्यांच्या खोलीत छताला बांबू बांधलेले होते आणि त्यांवर मुळ्या, साली, पाला यांच्या जुड्या टांगलेल्या असायच्या. उन्हाचा कवडसा फिरत फिरत एखाद्या जुडीपर्यंत पोचला की मामाजी जेवण सोडून उठायचे आणि जुडी हातभर सरकवायचे.

मी त्या घरात आले त्याचं ते तिसरं वर्ष. मी अठरा वर्षांची असेन. इंग्रजांची मोठी लढाई चालू होती. आमचे हे गोंदियाला रेल्वेच्या मालगुदामात कामाला होते आणि पंधरा दिवसांतून एखादा रविवार घरी यायचे. बाकीचे दिवस घरात मामाजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता सगुणा माहेरी आली.

सगुणा माझी नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला बाई म्हणायची, मनात मात्र ती सगुणाच होती. तिचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, पाण्याचं, भरल्या धानाचं गाव. तिला मुलगी झाली होती. मैना नाव ठेवलं होतं. चार महिन्यांची होऊन तापाने गेली. मामाजी औषध घेऊन निघाले तेव्हा नाल्याला पूर होता. पूर उतरेपर्यंत दोन दिवस ते अलीकडच्या काठावर बसून राहिले. पलीकडे पोचले तेव्हा औषधाचं काम उरलं नव्हतं. त्यांनी लेकीला बैलगाडीत बसवलं आणि घरी आणलं.

ती रडत नव्हती. ताट दिलं की दोन घास खायची, पाणी दिलं की प्यायची, आणि मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. आत्याबाईंना ते बघवेना. त्या तिला हाताला धरून विहिरीवर न्यायच्या, बायकांत बसवायच्या. "चार जनीत बसली का दुख कमी होते," असं त्यांचं म्हणणं. पण चार जणींत बसली की चौघीही तिच्याकडेच बघायच्या. एखादी हळहळायची, एखादी आपल्या कडेवरचं पोर पदराआड घ्यायची. सगुणा परत आली की तिचा चेहरा आणखी कोरडा झालेला असायचा.

मी माझ्या अकलेने वेगळंच केलं. गाडीतून तिचं बोचकं मीच उतरवलं होतं. त्यात मैनाचं एक झबलं निघालं, लाल खणाचं, गळ्याशी दुधाचा डाग पडलेलं. मी ते उचललं आणि धान्याच्या कोठीच्या खोलीत, अगदी मागच्या मडक्यामागे दडवून ठेवलं. तिला दिसू नये, एवढंच मनात होतं. मैनाचं नावही मी घेत नसे. आत्याबाईंनाही खुणेने गप्प करायची. आपण फार समजूतदार आहोत असं मला तेव्हा वाटत होतं.

कार्तिक लागला आणि मामाजींची डोंगरावर जायची वेळ आली. दरवर्षी पाऊस थांबला की ते संजीवनी आणायला जायचे. आमच्या गावामागे डोंगराच्या उतारावर एक मोठा काळा खडक होता, दहा-बारा खाटा मावतील एवढा. त्यावर हातभरही माती नाही, पण पावसाळाभर तो हिरव्या गालिच्यासारखा दिसायचा. वीतभर उंचीची, नाजूक, पिसासारख्या पानांची ही संजीवनी. पाऊस गेला की ती मूठ आवळावी तशी आतल्या आत वळत जायची आणि पौषापर्यंत तिथे नुसते तपकिरी गोळे उरायचे. पाखराच्या सुकलेल्या पंजासारखे. परका माणूस कचरा समजून पायाने उडवेल. पण तोच गोळा पाण्यात टाकला की रात्रीतून उलगडायचा आणि चार दिवसांत हिरवा व्हायचा.

"सगुना, येते का वं?" मामाजींनी दारातून विचारलं. लहानपणी ती त्यांच्यामागे डोंगरभर हिंडलेली होती. ती उठली आणि पायांत वहाणा सरकवल्या. आत्याबाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, तूही जा म्हणून.

आम्ही चढून वर गेलो. खडक दिसला आणि मामाजी जागच्या जागी थांबले.

डोक्यावर आभाळ होतं. नुसतं आभाळ. खडकाभोवती येनाची आणि बिज्याची जुनी झाडं होती, त्यांच्या फांद्या वरून एकमेकींत गुंतलेल्या असायच्या. आता तिथे गुडघ्याएवढी खोडं उरली होती. उन्हाळ्यात लढाईच्या कामासाठी लाकूड गेलं, असं नंतर कळलं. पावसाळाभर कुणाला काही जाणवलं नव्हतं, कारण ढग होते, ओल होती, खडक हिरवाच होता. आता ढग गेले होते आणि ऊन सरळ खडकावर उतरत होतं.

मामाजी उकिडवे बसले. संजीवनी नुकती वळायला लागली होती. अर्धी मूठ मिटलेली. पण पानांच्या कडा नेहमीसारख्या तपकिरी झाल्या नव्हत्या. त्या पांढऱ्या पडत होत्या, उकळत्या पाण्यात घातलेल्या भाजीसारख्या.

"पानी नाई म्हनून मरून राहिली का?" मी विचारलं.

"पान्याविना थे मरत नाई, सूनबाई. थे तं तिचा धर्मच हाय." त्यांनी एक झुबका बोटाने हलकेच उचलून दाखवला. "हे पाय. बाहेरचं पान आतल्यावर वाकते. पाठ उन्हाले देते आन जीव आत ठेवते. आपलीच सावली आपन करते. पन याले वेळ लागते. ओली असते तवा ऊन खाते, पार सुकली का ऊन पचवते. मरते थे मधात. अर्धी ओली, अर्धी सुकली, तवाच डोक्यावर असं ऊन आलं तं तिले थे घेताबी येत नाई आन नाईबी म्हनता येत नाई."

सगुणा खडकाच्या कडेला उभी होती. तिने काही ऐकलं की नाही मला कळलं नाही. ती वाकली आणि आपल्या पदराची सावली एका झुबक्यावर धरून उभी राहिली. किती वेळ तरी. आम्ही निघालो तेव्हाच तिने पदर आवरला.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी मंगरूला बोलावलं. मंगरू गोंड होता, गावाच्या टोकाला राहायचा. बांबूचं काम त्याच्यासारखं कुणाचं नव्हतं. मामाजींनी त्याला खडकावर मांडव घालायला सांगितलं.

"थे झाडं मीच तोडलो, वैद्यबाबा," मंगरू म्हणाला. "ठेकेदारानं लावलं होतं. पोटासाठी गेलो."

"मले ठाऊक हाय. तुह्या कुऱ्हाडीचा घाव मी ओळखतो. बांबू किती लागतीन थे सांग."

मंगरूने त्या कामाची मजुरी घेतली नाही. पाच दिवस तो राबला. खडकात खुंट रोवता येत नाहीत म्हणून बांबूंच्या बुडाशी दगडांचे ढीग रचले. वर माहुलाच्या वेलाच्या सालीच्या दोरांनी आडवे बांबू बांधले आणि त्यावर माहुलाची रुंद पानं आणि गवत पसरलं. आम्ही दोघी खालून पानांचे भारे वाहत होतो. पहिल्या दिवशी त्याने छप्पर इतकं दाट केलं की खाली अंधारून आलं. मामाजींनी अर्धं काढायला लावलं. "घर नाई बांधून राहिलो आपन. झाडाखाली ऊन कसं येते? गाळून येते. तसं पायजे." मंगरूने मग पानं विरळ केली. खडकावर उन्हाचे लहान लहान ठिपके पडले, वारा आला की हलायला लागले.

गावात मात्र हसू झालं. आत्याबाई विहिरीवरून आल्या त्या रागावूनच. "लोक म्हनते, वैद्यबाबा गोट्याचं लगन लावून राहिले का? नवरदेव कोनता, नवरी कोनती? मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाई तुमी."

"त्याइले सांग, जेवनावळीले बलावीन म्हना," मामाजी म्हणाले.

पाचव्या दिवशी खडकाचा वरचा एक तुकडा उरला, तिसऱ्या हिश्श्याएवढा. मंगरू पुढचे बांबू उचलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"तेवढं राहू द्या."

सगुणा होती. कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला मी. घशात धूळ बसल्यासारखा झाला होता.

"काऊन वं?" मामाजींनी अगदी साध्या सुरात विचारलं, जणू ती रोजच बोलत होती.

"सगळंच झाकलं तं आपल्याले समजल कसं? मांडवानं जगली का आपलीच जगली?"

मामाजींनी मंगरूकडे पाहिलं आणि मान हलवली. तेवढा तुकडा उघडा राहिला. घरी येताना उतारावर मामाजी पुढे होते. ते मध्येच उपरण्याने डोळे पुसत होते. घामच असावा असं मी मनाशी म्हटलं, पण कार्तिकातल्या संध्याकाळी घाम येत नाही.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी आम्ही दोघी वर जायचो. ओळीने बसून बघायचो. मांडवाखालची संजीवनी हळूहळू वळली, अगदी सावकाश. घाईत आवरून घेतलेलं आणि निगुतीने घडी घातलेलं, यातला फरक डोळ्यांना दिसत होता. आधी टोकं, मग बाजूची पानं, मग सगळं मिळून घट्ट तपकिरी गोळा. उघड्या तुकड्यावरची त्याआधीच सुकून गेली होती. तिचेही गोळे झाले होते, पण अर्धवट वळलेले, वरून पांढरट, हात लावला की टोकं झडणारे. थंडीत डोंगर शांत असायचा. खाली गावात मळणीचे बैल फिरताना दिसायचे, त्यांच्या घुंगरांचा आवाज वर येईपर्यंत बारीक व्हायचा. सगुणा फारसं बोलत नसे. मी बोलायची, माझ्या माहेरचं, आमच्या यांचं, आत्याबाईंनी कुणाला काय सुनावलं त्याचं. एकदा तिला हसूही आलं. मला वाटलं, सुटलो.

आता वाटतं, किती घाई असते माणसाला. समोरच्याचं दुःख संपलेलं बघायची घाई. त्याच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त. दुखऱ्या माणसाशेजारी नुसतं बसून राहणं अवघड जातं, म्हणून मग आपण त्याला बरं करायला लागतो.

कार्तिकात त्या पहिल्या दिवशी खडकावरून परतताना मामाजींनी अर्धवट सुकलेले काही झुबके घरी आणले होते. "सावलीत ठेव," म्हणून माझ्या हाती दिले. मला पांढऱ्या पडलेल्या पानांची अशी धास्ती बसली होती की मी ते कोठीच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे खिडकी नव्हती. उन्हाचा किरणही पोचणार नाही याची मी खातरी केली आणि विसरून गेले.

पौष संपत आला होता. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मामाजींनी संजीवनीची आठवण काढली आणि मी उठायच्या आत सगुणा कोठीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या एका हातात ते झुबके होते, काळपट, चिकट, बुरशीचा उग्र वास मारणारे. दुसऱ्या हातात लाल खणाचं झबलं होतं.

"वहिनी, हे तिथं काऊन होतं?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तुमाले दिसू नाई म्हनून... मीच ठेवलं, बाई."

"मी रोज धुंडून राहिली होती वं," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मले वाटलं सासरीच राहून गेलं. फेकून देलं असन कोनी. मले तिचा वासबी आठवेना झाला होता."

तिने झबलं नाकाशी धरलं. त्याला आता कोठीचा, कोंडलेल्या धानाचा वास लागला होता. तिला कळलं. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. आत्याबाई धावत आल्या आणि तिला गप्प करायला पुढे झाल्या. मामाजींनी हातानेच त्यांना थांबवलं. मी तवा उतरवला आणि सगुणाशेजारी जाऊन बसले. मलाही रडू आवरेना. पण माझं रडणं वेगळं होतं, ते मी केलेल्या चुकीचं होतं. भाकरी त्या दिवशी कुणी खाल्ल्या ते आठवत नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर मामाजी मला एवढंच म्हणाले, "सावली म्हनजे अंधार नव्हे, सूनबाई. अंधारात हवा नाई खेळत. सडते." संजीवनीबद्दल बोलत होते. मी मान खाली घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मैनाचं नाव निघायला लागलं. आधी सगुणाच काढायची. मैनाला कोणत्या कुशीवर झोप लागायची, दिव्याकडे कशी टकमक बघायची. आम्ही ऐकायचो. झबलं तिच्या उशाशी असायचं.

फाल्गुनात तिचे सासरे आणि नवरा तिला न्यायला आले. सासरे बोलके, रोखठोक. नवरा शिवराम मात्र दारातच घुटमळला. हडकला होता. सगुणाने डोक्यावर पदर घेऊन पाणी दिलं, खुशाली विचारली, जेवायला वाढलं. सासऱ्यांना बरं वाटलं. "पोरगी तं चांगलीच झाली की, वैद्यबाबा. उद्या पहाटेच गाडी जुपतो. सहा महिने झाले. लोक का म्हनतीन?"

त्याच दुपारी मामाजींनी खडकावरून दोन गोळे आणवले होते, एक मांडवाखालचा, एक उघड्यावरचा. दोन पितळी परातींत पाणी घालून त्यात ते ठेवले. पाहुणे मजेने बघत बसले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गोळे उलगडायला लागले. सकाळी दोन्ही पूर्ण उघडले होते, पिसासारखी पानं पसरून.

"दोनीबी जगल्या!" आत्याबाई हरखून म्हणाल्या. "मंग थो मांडव कायले घातला तुमी?"

"उलगडली म्हनजे जगली असं नाई," मामाजी म्हणाले. "मेलेलं पानबी पानी लागलं का उलगडते. हिरवं होते का थे पाहा लागते. चार दिवस द्या."

व्याही हसले. "चार दिवस पराती पाहत बसू का? माह्या घरी कामं हायेत." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "सगुना, बोचकं बांध."

सगुणा खांबाला धरून उभी होती. "मामाजी," ती आपल्या सासऱ्यांना म्हणाली, "मी येईन. घर माहंच हाय. पन आत्ता नाई. आत्ता आली तं मी तिथं नुसती कामं करीन. मले थोडे दिवस लागतीन."

सून अशी बोलते हे व्याह्यांनी कधी ऐकलं नसावं. ते मामाजींकडे बघू लागले, मामाजी परातीकडे. मग ज्याने आल्यापासून चार शब्द काढले नव्हते, तो शिवराम बोलला.

"बाबा, तुमी जा. मी थांबतो."

"जावई सासुरवाडीले थांबते? कितीक दिवस?"

"चार," शिवराम म्हणाला. "परात पाहतो."

व्याही एकटेच गाडी जुंपून आपल्या गावाच्या वाटेला लागले. रागाने गेले. पण जाताना अंगणातून मागे वळून मामाजींना म्हणाले, "पोराले भात कमी वाढू नोका. महिनाभर जेवला नाई थो." तेव्हा मला कळलं की त्यांचाही जीव कुठेतरी अडकलेला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवाखालच्या संजीवनीच्या देठाशी हिरवी छटा आली. तिसऱ्या दिवशी ती टोकापर्यंत चढली. दुसऱ्या परातीतली पानं तशीच पसरलेली, तशीच पांढुरकी, आणि चौथ्या दिवशी पाण्याला वास सुटला. शिवराम रोज सकाळी उठून आधी परातीपाशी यायचा. सगुणाही यायची. दोघं दोन बाजूंना बसायची, मध्ये परात. तिसऱ्या सकाळी मी दूध घेऊन जाताना ऐकलं. शिवराम म्हणत होता, "मैनाले थे गेल्यावरच मी पयल्यांदा पुरा एक तास हातात घेतलो. जिती होती तवा बाबा-मायसमोर लाज वाटे." सगुणाने परातीवरून हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. मी दूध घेऊन तशीच मागे फिरले.

तो चारऐवजी नऊ दिवस राहिला. गाव पुन्हा हसलं. मंगरूबरोबर मांडवाची पानं बदलायला तो डोंगरावरही गेला.

उन्हाळा कडक गेला. मृगाच्या आधी एका वावटळीत मांडव उडाला, बांबू उतारावर विखुरले. पण त्याचं काम झालं होतं. पाऊस बसल्यावर आम्ही वर गेलो तेव्हा खडकाचा दोन हिस्से भाग हिरवा होता. वरच्या तुकड्यावर काळा लगदा, आणि एका भेगेत मात्र पाच-सहा झुबके टवटवीत. तिथे दगडाची कड आडवी आलेली होती. बोटभर सावली मिळाली असेल त्यांना. मामाजींनी ते मोजले, पुन्हा मोजले. खोडांना फुटवे आले होते, कंबरेएवढे. "दोन वर्ष आनखी मांडव घालाव लागन," ते म्हणाले. "मंग झाडंच पाहून घेतीन." पुढची दोन वर्षं मंगरूने आणि त्यांनी तो घातला. तिसऱ्या वर्षी गरज उरली नाही.

सगुणाने जायचा दिवस स्वतः ठरवला. आषाढातला, रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, ऐन धामधुमीतला. "काम असन तवाच जातो," म्हणाली. सोबतीला मी गेले, आठ दिवसांसाठी.

तिच्या सासरी तलावाचं पाणी बांधीबांधीत चढलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही बायकांच्या रांगेत चिखलात उतरलो. ढगाळ, सपाट, मऊ उजेड होता. रांगेत दुसऱ्या गावच्या रोवणाऱ्या बाया होत्या, ओळख नसलेल्या. माझ्या पलीकडे सगुणा आणि तिच्या पलीकडे एक थोराड बाई. रोवताना बायका बोलतात तसं त्या बाईने मान वर न करताच विचारलं, "लेकरं किती वं तुले?"

माझे हात थांबले. सगुणाचे थांबले नाहीत. तिने चिखलात अंगठ्याने धानाचं एक रोप दाबलं, मग दुसरं.

"एक," ती म्हणाली. "पोरगी. मैना. चार महिन्यांची होऊन गेली."

त्या बाईने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग रोपांची एक पेंडी सोडून अर्धी सगुणाच्या हातात दिली.

"माहे दोन गेले," ती म्हणाली. "गंगाराम आन बिसन."

आणि दोघी एक पाऊल मागे सरकून पुढची ओळ रोवू लागल्या.